सहलीचा हक्क आणि सहलीचा बाजार

गेल्या सप्टेंबरात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेयच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या ला सिओता या गावाहून, शिडाच्या कॅटामरानमधून मी अर्ध्या दिवसाची सहल केली. ही गोष्ट एका बैठकीनंतर सहज बोलण्यात आली आणि आठ दिवसांतच एका जुन्या साथींचे पत्र आले. पत्र सभ्य भाषेत आहे. आशय मात्र कडक आहे. आयुष्यभर वर्गात आणि शिबिरांत विषमतेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाने भूमध्य समुद्रावरील धनिकांच्या करमणुकीत सामील व्हावे हे शोभते काय, आणि तिकिटाचे पैसे कोणी दिले, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. त्याच बैठकीतील एका तरुण कार्यकर्त्याचे मत नेमके उलट होते. "सर, असल्या बोटी आपल्या किनाऱ्यावर आल्या तर कोकणातल्या पोराला मुंबईस जावे लागणार नाही," असे तो उत्साहाने म्हणाला.

दोघांनाही एकाच लेखात उत्तर देता येईल असे मला वाटते, कारण दोघांचे गृहीत एकच आहे. सहल ही बाजारातली वस्तू आहे असे दोघेही धरून चालतात. एकाला ती विटाळ वाटते, दुसऱ्याला ती विकावीशी वाटते.

तिकिटाचे प्रथम सांगून टाकतो. ते माझ्या कन्येने काढले. ती तिकडे नोकरी करते. माणशी साठ-सत्तर युरो, म्हणजे सहा-सात हजार रुपये. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या बाई दोन-तीन घरे सांभाळून महिन्याकाठी जेवढे मिळवतात तेवढेच हे पैसे. हा हिशेब नौकेवर चढतानाच माझ्या मनात आला होता. त्यासाठी पत्राची आवश्यकता नव्हती.

आता नौकेविषयी. कॅटामरान हा शब्द मूळचा तामिळ, 'कट्टुमरम्'. 'कट्टु' म्हणजे बांधणे, 'मरम्' म्हणजे लाकूड. चोलमंडल किनाऱ्यावरील अतिशय गरीब कोळी ओंडके दोरांनी एकत्र बांधून त्यांवर समुद्रात जात असत. युरोपियनांनी तो शब्द उचलला आणि पुढे तो दोन सांगाड्यांच्या नौकेला चिकटला. खाली वजनदार कणा नाही, दोन सांगाडे दूरदूर असल्याने नौका कलत नाही, आणि तळ उथळ असल्याने ती किनाऱ्याच्या अगदी जवळ जाते. पुढल्या बाजूस दोन सांगाड्यांमध्ये जाळे ताणलेले असते. त्यावर लोक उन्हात पडून राहतात. ज्यांनी हा शब्द दिला त्यांचे वंशज आजही लाटांत जाळी ओढीत आहेत आणि शब्द मात्र सुट्टीवर गेला आहे. असो, शब्दांच्या प्रवासावर मूल्यवाढीचा सिद्धान्त लावण्याचा मोह आवरतो.

साथींच्या पहिल्या आक्षेपाचा विचार करू. समुद्रावर जाऊन वारा खाणे ही धनिकांची करमणूक कधीपासून झाली आणि कधीपर्यंत होती? फ्रान्सचा भूमध्य किनारा एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमराव, रशियन राजघराणी आणि बँकवाले यांच्या हिवाळी विश्रांतीचे ठिकाण होता हे खरे. पण 1936च्या मे-जून महिन्यांत त्या देशातील लक्षावधी कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केला. लेआँ ब्लूम यांचे लोकआघाडीचे सरकार नुकतेच निवडून आले होते. 20 जून 1936 रोजी प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी पंधरा दिवसांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला; दुसऱ्याच दिवशी चाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा झाला. लिओ लाग्रांज या तरुण समाजवादी उपमंत्र्याकडे क्रीडा आणि विरंगुळा हे खाते होते. रजा मिळाली तरी गाडीभाड्याला पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न त्यांनी ओळखला आणि त्याच ऑगस्टपासून कामगारांना रेल्वेचे चाळीस टक्के सवलतीचे तिकीट मिळू लागले. लोक त्याला लाग्रांज तिकीट म्हणत. पॅरिसच्या कारखान्यांतील कित्येक पन्नाशीच्या माणसांनी त्या उन्हाळ्यात प्रथमच समुद्र पाहिला. उजव्या वृत्तपत्रांनी या 'रजावाल्यां'ची, त्यांच्या कपड्यांची आणि डब्यांची टिंगल केली. लाग्रांज स्वतः 1940च्या जूनमध्ये आघाडीवर लढताना मारले गेले.

टिंगलीचे कारण उघड होते. श्रमिकाचे श्रम विकत घेतल्यावर उरलेला वेळही त्याने पुढच्या पाळीची तयारी म्हणूनच घालवावा, ही मालकवर्गाची अपेक्षा असते. कामाचा दिवस लहान होणे ही माणसाच्या मुक्ततेची पूर्वअट आहे, असे मार्क्सने 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात मांडले. त्याचा जावई पॉल लाफार्ग याने तर 1880 साली आळसाच्या हक्कावरच पुस्तिका लिहिली. 1948च्या मानवी हक्कांच्या जागतिक घोषणापत्रातील 24वे कलम विश्रांतीचा आणि भरपगारी सुट्टीचा हक्क सांगते. असे असता सहलीचा आनंद धनिकांच्या हवाली करून आपण त्यागाचे तेवढे धनी व्हावे, हे तत्त्वज्ञान समाजवादाचे म्हणता येणार नाही. ते आपल्या मठांचे आहे, आणि क्षमा असावी, आपल्या काही शिबिरांचेही आहे.

लढा 1936 साली संपला नाही. रजा 1956 साली तीन आठवड्यांची झाली, 1969 साली चार, आणि मितराँ यांच्या कारकीर्दीत 1982 साली पाच आठवड्यांची. त्याच वर्षी सुट्टीचे धनादेश सुरू झाले. कामगाराची बचत आणि मालकाचा वाटा मिळून ते बनतात व सुट्टीच्या खर्चापुरतेच वापरता येतात. इतके करूनही आज फ्रान्समध्ये दहांतले सुमारे चार जण वर्षभरात सुट्टीसाठी घराबाहेर पडू शकत नाहीत. म्हणजे रजेचा हक्क मिळाला तरी समुद्र मिळतोच असे नाही.

आता तरुण मित्राकडे वळतो. त्याने ज्या बंदराचे स्वप्न पाहिले ते ला सिओता बंदर त्याने नीट पाहावे. आमची नौका धक्क्यावरून निघाली ती जहाजबांधणीच्या प्रचंड गोदीच्या कडेने. डोक्यावर अवाढव्य क्रेन उभ्या होत्या. चित्रपटाच्या जन्मकाळी ल्युमिएर बंधूंनी ज्या स्थानकात आगगाडी येताना टिपली ते हेच गाव. पण गावाचे पोट भरले ते गोदीने. येथे पिढ्यानपिढ्या हजारो माणसांनी मालवाहू जहाजे बांधली. 1982 साली ला सिओता, ला सेन आणि डंकर्क येथील गोद्या एका कंपनीत गोवल्या गेल्या, 1986 साली ती कंपनी बुडाली आणि दशकाअखेर येथील जहाजबांधणी थांबली. मग समुद्रकाठच्या त्या जागेवर सहलनौकांचे बंदर आणि इमारती उठवण्याच्या योजना आल्या. बंद पडलेल्या कारखान्याची जमीन कारखान्याहून मोलाची ठरते, हे गणित मुंबईकर वाचकांना शिकवण्याची गरज नाही.

येथे एक वेगळी गोष्ट घडली. 105 कामगारांनी गोदी सोडण्यास नकार दिला. 1988पासून 1994पर्यंत त्यांनी ती ताब्यात ठेवली आणि क्रेन व अवजारे भंगारात जाऊ दिली नाहीत. जागा औद्योगिक कामासाठीच राहील असा तोडगा निघाला तेव्हाच ते उठले. पुढल्या वर्षी सार्वजनिक संस्थांच्या भांडवलावर गोदी चालवणारी निमसरकारी कंपनी स्थापन झाली आणि यंत्रे पुन्हा सुरू झाली.

1982 साली मी एम.ए.चा विद्यार्थी होतो. 18 जानेवारीला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा वर्गणीचे डबे घेऊन आम्ही परळ-लालबागमध्ये हिंडलो. त्या गिरण्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय झाले? 1991च्या विकास नियंत्रण नियमांत एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना व एक तृतीयांश सार्वजनिक घरांना देण्याची तरतूद होती. 2001 साली केवळ इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती ती वाटणी ठेवून नियमाचा प्राण काढण्यात आला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. ला सिओताच्या धक्क्यावर उभे असताना मला प्रथम ही आकडेवारी आठवली, समुद्र नंतर दिसला.

तरीही 105 जणांच्या विजयाची आरती ओवाळून मी थांबणार नाही. वाचवलेल्या त्या गोदीत आज काय होते? जगातील अब्जाधीशांच्या महानौकांची दुरुस्ती आणि रंगरंगोटी. वेल्डर आहेत, सुतार आहेत, विद्युत-कारागीर आहेत, कामे कुशल आहेत. पण बरीचशी उपकंत्राटदारांमार्फत चालतात, आणि धक्क्यावर उभी असलेली प्रत्येक नौका एकेका माणसाची खाजगी वस्तू आहे. पूर्वी या गोदीतून निघालेले जहाज धान्य, तेल, माणसे वाहून नेत असे. श्रमिकांनी उत्पादनाचे साधन वाचवले, परंतु त्या साधनाने काय घडवायचे हा निर्णय त्यांच्या हाती आला नाही. याला पराभव म्हणणे कृतघ्नपणाचे होईल आणि विजय म्हणणे भोळेपणाचे. आमच्या नौकेचा चालक चाळिशीचा गृहस्थ होता. त्याचे वडील याच गोदीत वेल्डर होते. तो स्वतः एप्रिल ते ऑक्टोबर नौका चालवतो आणि हिवाळ्यात मिळेल ते काम करतो. त्याला मी वर्षाच्या पगाराचे विचारले तेव्हा तो हसला आणि शिडाची दोरी आवळू लागला. कोकणातल्या ज्या पोरासाठी माझा मित्र बोटी मागतो आहे, त्याला सात महिन्यांची नोकरी आणि पाच महिन्यांची वाट पाहणे एवढे पुरेल काय?

बंदराबाहेर पडल्यावर गोट्यांच्या खडकाचा उंच सुळका ओलांडून नौका काप कानाय या कड्याखाली आली. त्याचा माथा जवळजवळ चारशे मीटर उंच आहे. तांबूस दगड सरळ पाण्यात उतरतो. त्यापुढे कासी, आणि कासीपलीकडे कालांक: पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांत घुसलेल्या निळ्या, अरुंद खाड्या. सौंदर्याविषयी मी अधिक लिहीत नाही. ते खरोखर विलक्षण आहे. पण ज्या पाण्याकडे आम्ही पाहत होतो त्याचाही एक जमाखर्च आहे. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2015च्या अखेरपर्यंत, आत गार्दान येथे असलेल्या अॅल्युमिना कारखान्याचा लाल गाळ लांबलचक नळाने आणून कासीसमोरच्या खोल समुद्री दरीत सोडला जात होता. लक्षावधी टन. कालांकचे राष्ट्रीय उद्यान 2012 साली जाहीर झाले तरीही पुढली साडेतीन वर्षे गाळ त्याच उद्यानाच्या समुद्रात जातच राहिला. कारखान्याच्या ताळेबंदात समुद्राचे भाडे कधी लिहिले गेले नाही. सहलनौकांच्या ताळेबंदातही ते नसते. तळाशी पोसिडोनिया नावाच्या, केवळ भूमध्य समुद्रातच आढळणाऱ्या फुलवनस्पतीची कुरणे आहेत. माशांची पिल्ले तेथे वाढतात, वाळू तेथे धरून ठेवली जाते. ही वनस्पती वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरते आणि एक नांगर दोन मिनिटांत तिचा पट्टा उपटतो. 24 मीटर व त्याहून मोठ्या नौकांना या कुरणांवर नांगर टाकण्यास तेथे अलीकडे बंदी झाली आहे. उशिरा झाली, पण झाली.

मग सागरतट राखायचा कसा? आपल्याकडचे शहाणे लगेच म्हणतील, भाव वाढवा म्हणजे गर्दी कमी होईल. हे पाठ्यपुस्तकातील उत्तर आहे आणि मी स्वतः ते तीसएक वर्षे फळ्यावर काढले आहे. त्याचा अर्थ इतकाच, की पायी येणारा कामगार बाहेर आणि नौकेतून येणारा धनिक आत. सुजितोन नावाच्या कालांकमध्ये उन्हाळ्यात एकेका दिवशी अडीच हजारांपर्यंत माणसे उतरत आणि उतारावरची माती व झाडांची मुळे उघडी पडत. 2022पासून उन्हाळ्यात तेथे दिवसाला 400 जणांनाच प्रवेश आहे. आगाऊ नाव नोंदवावे लागते आणि नोंदणी फुकट आहे. रांग आहे, दर नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही लहानशी व्यवस्था मला त्या संपूर्ण किनाऱ्यावरील सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटली, आणि खेदाची गोष्ट ही, की आमच्या नौकेवरील एकाही प्रवाशाला तिची माहिती नव्हती.

किनारा सर्वांचा ही कल्पना काही आजची नाही. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा काठ सर्वांचा, असे सहाव्या शतकातील जस्टिनियनची संहिता सांगते. फ्रान्सने 1975 साली किनाऱ्याची जमीन विकत घेऊन ती सार्वजनिक ठेवणारी संस्था काढली; 1976 साली किनाऱ्यालगतच्या खाजगी मिळकतींतून पादचाऱ्यांसाठी तीन मीटर वाट कायद्याने मोकळी केली; 1986 साली वस्तीबाहेरच्या किनाऱ्यावर शंभर मीटरांत बांधकामास मनाई केली. आपण 1991 साली भरतीरेषेपासून 500 मीटरांचे नियमन आणले आणि पुढे दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या करीत 2019च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामरहित पट्टा 50 मीटरांवर आणला. ज्या तरुण मित्राला किनाऱ्यावर बोटी हव्या आहेत त्याने प्रथम सांगावे, की त्या बोटींना धक्का मिळेल तेव्हा कोळ्यांच्या होड्या कोठे लागणार आणि मासळी कोठे सुकणार.

बोटींना माझा विरोध नाही. सहकारी संस्थेच्या बोटी असोत, बारमाही पगार असो, ठराविक फेऱ्या असोत, शाळेच्या मुलांना आणि कामगारांच्या कुटुंबांना सवलतीचे तिकीट असो. लाग्रांजनी आगगाडीत जे केले ते होडीत का होऊ नये?

आणि जुन्या साथींना एक विनंती. त्यांच्या संघटनेचे घरकामगारांचे मागणीपत्रक पुढील महिन्यात निघणार आहे. मागल्या वर्षीच्या पत्रकात किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि बोनस होता. भरपगारी वार्षिक रजेचा त्यात उल्लेखही नव्हता. 1948च्या कारखाना कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा दिली होती, परंतु ती कारखान्याच्या भिंतीआड राहिली. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंना मी आल्यावर समुद्राची छायाचित्रे दाखवली. त्यांचे माहेर चिपळूणकडचे; गेली सहा वर्षे त्यांना तेथे जाता आलेले नाही, कारण गेलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे कापले जातात. कापणाऱ्यांत आमचे घरही होते. ते आम्ही या दिवाळीपासून थांबवले आहे. पंधरा दिवस, भरपगारी. हे कलम मागणीपत्रकात घालावे. मसुदा मी लिहून देतो.