होस्टिंग बदलायचंय, पण गूगलवरची जागा?

घरून भरतकामाचे दुपट्टे नि कुर्ते विकणाऱ्या एका आपांनी विचारलंय : 'सध्याची कंपनी दरवर्षी होस्टिंगचे पैसे वाढवते. दुसरीकडे निम्म्या दरात मिळतंय. पण भाचा म्हणतो, होस्टिंग बदललं की गूगल आपल्याला खाली ढकलतं. ऑर्डरी बंद झाल्या तर?'

भाच्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. होस्टिंग म्हणजे आपल्या वेबसाइटच्या फायली ठेवायला सर्व्हरवर घेतलेली भाड्याची जागा. डोमेन म्हणजे साइटचं नाव, तिचा पत्ता. गिऱ्हाईक पत्त्यावर येतं आणि गूगलही प्रत्येक पान पत्त्यावरूनच ओळखतं. पत्ता तोच राहिला तर नुसती भाड्याची जागा बदलली म्हणून पानाची पत कमी होत नाही. नव्या सर्व्हरवर गूगल काही दिवस पानं जरा सावकाश वाचतं, मग पूर्ववत होतं. नुकसान होतं ते हलवाहलवीतल्या निष्काळजीपणाने.

पत्ताच गेला तर काय होतं, याचं जुनं उदाहरण आहे. याहूची 'जिओसिटीज' ही फुकट जागा देणारी सेवा अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. बहुतेकांची पानं जिओसिटीजच्याच पत्त्याखाली होती. ज्यांनी मजकूर दुसरीकडे नेला, त्यांनाही नव्या पत्त्यावर ओळख पुन्हा मिळवावी लागली.

म्हणून आपा, दर नंतर बघा. आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. कित्येक घरांत साइट करून देणाऱ्या मुलानेच ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर घेतलेलं असतं. मुलगा भला असेलही, पण उद्या तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला नि नूतनीकरण राहून गेलं, तर वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात हातची जाते. डोमेन आपल्या नावावर आणि आपल्या ई-मेलवर करून घ्या. त्यात संकोच कसला?

आता हलवण्याचं. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका. साइटची पूर्ण प्रत नव्या जागी चढवा, प्रत्येक पान, फोटो, ऑर्डरचा फॉर्म उघडून बघा. साइट कुठल्या सर्व्हरवर आहे, ही नोंद डीएनएसमध्ये असते आणि तिची जुनी प्रत जगभर काही काळ साठवलेली राहते. तो काळ ठरवणारा 'टीटीएल' आठवडाभर आधीच कमी करून ठेवायला सांगा. मग नोंद बदला. जुन्या सर्व्हरवर कुणीच येत नाही अशी खात्री झाली, की तो सोडा. आणखी एक, ऑर्डरी ई-मेलवर येत असतील तर तो ई-मेलही बहुधा जुन्याच होस्टिंगवर असतो. साइट नेली, पत्रपेटी राहिली, असं होऊ नये.

तासभर साइट बंद पडली तर गूगल रागावत नाही. दिवसेंदिवस सर्व्हरची चूक दिसत राहिली, तर मात्र ते आधी येणं कमी करतं आणि पुढे पानं यादीतून काढून टाकतं.

सगळ्यांत दगा देणारी गोष्ट वेगळीच. चाचणीची प्रत गूगलला दिसू नये म्हणून कारागीर तिच्यावर 'नोइंडेक्स'ची खूण करतात. साइट सुरू करताना ती काढायची राहते. आपल्याला सगळं छान दिसतं, पण गूगलमधून एकेक पान नाहीसं होत जातं. ती काढली का, हे विचाराच. जाता जाता पानांचे पत्तेही बदलले असतील, तर जुन्यावरून नव्यावर नेणारं '३०१' वळण निदान वर्षभर ठेवायला सांगा. ताळ्याच्या खुणेसाठी लागणारं सुरक्षा प्रमाणपत्र नव्या सर्व्हरवर पहिल्या दिवसापासून हवं.

हे काम शाबान-रमजानात काढू नका. ईदची खरेदी त्याच दिवसांत असते. ईद उलटल्यावर, मागणी थंड असताना करा. नंतर महिनाभर गूगलच्या मोफत 'सर्च कन्सोल'मध्ये चुका दिसतात का, ते भाच्याला बघायला सांगा. एवढं तो आनंदाने करेल.

आणि त्या निम्म्या दराबद्दल : तो पहिल्या वर्षापुरता आहे का, दुसऱ्या वर्षी किती पडेल, हे लेखी विचारून घ्या. फारच स्वस्त सर्व्हर पुष्कळदा मंद असतो. फोटो उघडायला वेळ लागला की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, आणि साइटचा वेग गूगलही थोडाफार धरतंच.