उंदरांचा पुरावा आणि माणसांचा मधुमेह

भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही असून आणखी १३ कोटी ६० लाख त्या विकाराच्या उंबरठ्यावर उभे आहेत, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. एवढे मोठे गिऱ्हाईक दिसत असता बाजार स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. आतड्यातील जिवाणूंची घडी बसवून साखर आणि वजन दोन्ही आटोक्यात आणण्याची आश्वासने आता कॅप्सूलच्या डब्यांवर झळकतात. विष्ठेचा नमुना तपासून आहाराचा तक्ता देणारेही पुढे आले आहेत. या आश्वासनांमागे शास्त्र अजिबात नाही असे नव्हे. जे आहे ते मात्र जाहिरातीतल्या वाक्याचा भार पेलण्याइतके पक्के झालेले नाही.

या शास्त्राचा आरंभ विलक्षण होता, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून जंतुरहित पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सामान्य उंदरांच्या आतड्यातील जिवाणू सोडले. उंदीर पूर्वीपेक्षा कमी खाऊ लागले, तरीही पंधरवड्यात त्यांच्या अंगावरील चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जिवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले, तेव्हा लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर अधिक चरबी धरू लागले. दोन्ही प्रकारचे उंदीर एकत्र ठेवल्यावर सडपातळ बाजूचे जिवाणू दुसऱ्या बाजूच्या पोटात शिरले आणि चरबीची वाढ रोखली गेली. कारण उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. परंतु हे घडले ते आहारात तंतुमय पदार्थ भरपूर आणि स्निग्धांश कमी असताना. आहार उलटा करताच नवे जिवाणू तेथे टिकले नाहीत. जाहिरातीत प्रयोगाचा पहिला भाग येतो, दुसरा गाळला जातो.

वस्तुतः दुसऱ्या भागातच या विषयाचे मर्म आहे. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू आपल्या पाचकरसांना पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार होतात. ती आतड्याच्या अस्तराचे इंधन ठरतात. शिवाय इन्सुलिनच्या स्रावाला चालना देणारे जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवण्यासही त्यांचा हातभार लागतो. जिवाणू पोसायचे तर त्यांचे अन्न पोटात गेले पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

माणसावरील प्रयोगांचे निष्कर्ष बरेच मवाळ आहेत. २०१२ मध्ये ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी चयापचय बिघडलेल्या पुरुषांना सडपातळ व्यक्तींचे जिवाणू दिले. सहा आठवड्यांनी त्यांचे शरीर इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देऊ लागले, पण वजन घटले नाही; आणि २०१७ मधील पुढील प्रयोगात १८ आठवड्यांनंतर तो लाभही ओसरलेला आढळला.

याहून बोधप्रद हकीकत मेटफॉर्मिनची आहे. २०१२ मध्ये चीनमधील आणि २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी मधुमेह्यांच्या आतड्यातील जिवाणू निरोग्यांहून निराळे असल्याचे दाखवले. जणू रोगाची मोहोरच हाती लागली. पण दोन्ही देशांतील मोहोरा एकमेकींशी जुळेनात. २०१५ मध्ये युरोपातील संशोधकांनी डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधील ७८४ जणांची माहिती एकत्र करून एक साधा प्रश्न विचारला: यांपैकी मेटफॉर्मिन कोण घेत होते? ही स्वस्त गोळी जगभर मधुमेहावर सर्वप्रथम दिली जाते. ती घेणारे आणि न घेणारे वेगळे काढताच मधुमेहाचे म्हणून सांगितलेले कित्येक फरक गोळीचे निघाले! ब्युटिरेट तयार करणाऱ्या जिवाणूंची घट तेवढी औषध न घेणाऱ्या रुग्णांतही उरली. नंतर २०१७ मध्ये असेही दिसले की मेटफॉर्मिनने बदललेले मानवी जिवाणू उंदरांना दिल्यास त्यांची साखर सुधारते. म्हणजे ज्या फरकाला रोगाचे लक्षण समजले गेले, तो काही अंशी उपचाराचाच मार्ग असावा. ज्या नामांकित संशोधकांची अशी फसगत होऊ शकते, तेथे विष्ठेच्या एका तपासणीवरून आयुष्यभराचा आहार सांगणाऱ्यांवर लिपिकाने वा शिक्षकाने पगारातील रक्कम का उधळावी, हा प्रश्न विचारणे भाग आहे. (घरचे दही हे उत्तम अन्न आहे, त्याला मधुमेहाचे औषध ठरवल्याने त्याची चव वाढत नाही.)

भारतात तर सावधगिरीला आणखी एक कारण आहे. भोपाळ येथील आयसर संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळ येथील लोकांच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीयांत प्रेव्होटेला या गटाचे प्राबल्य असून पाश्चात्य नमुन्यांहून ही रचना भिन्न असल्याचे त्यात दिसले. आपला मधुमेहही निराळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे भारतीय माणूस बारीक दिसूनही अंगी चरबी बाळगून असतो. लठ्ठ उंदरांवरून आणि लठ्ठ युरोपियनांवरून बांधलेले ठोकताळे अशा शरीराला कितपत लागू पडतात, हे कोणी गृहीत धरू नये.

त्याचे उत्तर शोधायचे तर माणसे रोग जडण्यापूर्वी, म्हणजे मेटफॉर्मिनची पहिली गोळी पोटात जाण्याआधी, तपासली पाहिजेत आणि वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला पाहिजे. असे काम या देशात अशक्य नाही. डॉ. याज्ञिक यांच्याच पुढाकाराने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला आणि त्या मातांची मुले मोठी होईपर्यंत तो चालू राहिला. पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात जिवाणूंच्या अभ्यासाची जाण असलेली माणसे आहेत. अशा दोन परंपरांची सांगड घालण्यासाठी वीस-वीस वर्षे न आटणारा निधी लागतो. तीन वर्षांच्या अनुदानावर आणि दरवर्षीच्या प्रगती-अहवालावर चालणाऱ्या आपल्या व्यवस्थेत तो कोणत्या खात्यातून द्यायचा, हे केंद्र आणि राज्य सरकारांनी आता ठरवावे. तोवर डब्यावर कोणत्या वाणाचे जिवाणू आहेत आणि त्या वाणाची परीक्षा कोणत्या रुग्णांवर झाली, हे ठळक छापण्याची सक्ती करणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला आजही अवघड नाही.