नियमांचे मालक कोण?

अखाजीला जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत पत्त्यांचे डाव मांडले जातात, तेव्हा डावाचे नियम कोणी बाजारातून विकत आणीत नाही. ते थोरांकडून धाकट्यांकडे येतात, गावागणिक बदलतात. तंटा झालाच तर जाणती माणसे तो मिटवितात. खेळाचे नियम ही समाजाची सामाईक मालमत्ता आहे. जे सामाईक आहे त्याला कुंपण घालून त्याचे तुकडे विकणे, हाच भांडवलशाहीचा जुना धंदा होय.

अमेरिकेतील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा इतिहास त्याची साक्ष देतो. चार-पाच जणांनी एकत्र बसावे, एकाने कथा सांगावी, इतरांनी पात्रे व्हावे आणि फाशांनी निकाल ठरवावा, असा हा खेळ. १९७४ साली तो तीन पुस्तिकांच्या पेटीतून दहा डॉलरला विकला गेला. ती पेटीही अपुरीच होती. आणखी एक नियमपुस्तिका आणि आणखी एक पटाचा खेळ जवळ असावा, अशी शिफारस तिच्यातच होती! पुढील दोन वर्षांत चार पुरवण्या निघाल्या. १९९९ पासून हा खेळ हॅसब्रो या बड्या कंपनीकडे आहे. २०२४ पासून निघालेल्या नव्या आवृत्तीच्या तीन मूळ ग्रंथांची छापील किंमत प्रत्येकी सुमारे पन्नास डॉलर. महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या २०२५-२६च्या ३१२ रुपये दराने ही चाळीस दिवसांहून अधिक मजुरी झाली. पुरवण्या निराळ्या!

लेखकाच्या श्रमाला मोल नको काय, असा सवाल कंपनीचे कैवारी करतील. अवश्य हवे. पण ते मिळते कोणाला? याच हॅसब्रोने डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे अकराशे नोकऱ्या कापण्याची घोषणा केली. पुस्तके महाग आणि ती घडविणारा माणूस स्वस्त, हा कोणता न्याय?

त्याच वर्षाच्या आरंभी लोभाने कळस गाठला होता. या नियमांवर इतरांनीही साहित्य रचावे, असा खुला परवाना २००० साली दिलेला होता. तो मोडीत काढून, साडेसात लाख डॉलरवरील उत्पन्नात पंचवीस टक्क्यांपर्यंत वाटा मागणारा मसुदा जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आला. खेळाडू खवळले, हजारोंनी निषेध केला, अनेकांनी वर्गण्या बंद केल्या. महिनाही न लोटता, २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि सुमारे चारशे पानांचे मूळ नियम सर्वांसाठी कायमचे खुले केले. मूळ कर्त्याचा उल्लेख केला की कोणीही ते छापावेत, बदलावेत, अनुवादावेत. हे कंपनीचे औदार्य नव्हे. संघटित ग्राहकशक्तीचा हा विजय आहे.

खानदेशाला यात परके काही नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली आणि ती अल्प मोलात घरोघर पोहोचली. ज्ञान स्वस्त करणे हीच इथली परंपरा. मग अमळनेर, शिरपूर, साक्रीच्या साथींनी या खुल्या नियमांतील आवश्यक तेवढा भाग मराठीत आणि अहिराणीत का उतरवू नये? सेवा दलाच्या शाखांतून आणि गावोगावच्या वाचनालयांतून दहा-वीस पानांची पुस्तिका छपाईखर्चात द्यावी. राक्षसांच्या जागी सावकार आणि ठेकेदार घालायला कोणाची परवानगी लागत नाही. कल्पनाशक्ती श्रीमंतांच्या मुलांची मिरास नव्हे, हे कृतीने सिद्ध करण्याची संधी दाराशी आली आहे. ती दवडणे म्हणजे जिंकलेली जमीन पुन्हा मालकाच्या स्वाधीन करणे होय.