प्रोग्रॅम छापताना अक्षर कोणते?

जळगाव-धुळ्याकडे प्रात्यक्षिकवहीला जोडायचा प्रोग्रॅम बहुधा काळ्या शाईतच छापला जातो. मग पडद्यावर रंगाने कळणारे शब्द कागदावर ओळखायचे कसे? अक्षरांच्या वळणावरून! १९६० च्या अल्गोल अहवालात 'इफ', 'बिगिन' असे राखीव शब्द ठळक छापले होते. डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये चलांची नावे तिरपी मांडली. विद्यार्थिमित्रांनो, आमच्या मते राखीव शब्द ठळक आणि टीपा तिरप्या, एवढे पुरे. नक्षीदार टंक लग्नपत्रिकेला ठेवावा. 'एम'ला नि 'आय'ला सारखीच जागा देणारा टंक घ्या. त्यात शून्य आणि 'ओ' वेगळे दिसतात ना, हे आधी पाहा. पायथॉनमध्ये तर ओळीपूर्वीची मोकळी जागाही व्याकरणात मोडते. ती छपाईत सरकली, तर त्या कागदावरून उतरवलेला प्रोग्रॅम कदाचित चालेलही, पण उत्तर चुकेल.