पाण्याची ऊब आणि माशाचे लिंग

जीवाचे लिंग फलनाच्या क्षणीच गुणसूत्रांनी ठरते, असे आपण शाळेत शिकत आलो आहो. मनुष्य व इतर सस्तन प्राणी यांच्यापुरते हे विधान सामान्यतः बरोबर आहे. परंतु तोच नियम सर्व जीवसृष्टीस लावणे ही चूक होय, आणि ती क्रमिक पुस्तकांतून दूर व्हावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगत सिल्व्हरसाइड नावाचा, वीतभरही न भरणारा एक रुपेरी मासा आढळतो. डेव्हिड कॉनोव्हर व बॉइड किनार्ड यांनी १९८१ साली त्याच्याविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. थंड पाण्यात वाढलेल्या पिलांत माद्या अधिक निपजल्या, उबदार पाण्यात नर अधिक. हा परिणाम पिलाच्या वाढीच्या एका ठराविक काळातच घडतो. त्याचे प्रयोजनही उघड आहे. वसंताच्या आरंभी, पाणी गार असताना जन्मलेल्या पिलास वाढीसाठी दीर्घ ऋतू लाभतो आणि देहाने मोठी मादी अंडी अधिक घालते. उत्तरेकडे नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर हा ऋतू फार अल्प असतो. तेथील याच जातीच्या माशांत मात्र तापमानाचा प्रभाव दिसत नाही. तेथे अनुवंशाचीच सत्ता चालते.

हे घडते कसे? अरोमाटेज नावाचे विकर पुरुष-संप्रेरकांपासून स्त्री-संप्रेरके बनविते. युरोपातील सी बास या माशाची पिले उष्ण पाण्यात वाढविली असता या विकराचे जनुक मंदावते व नरांची संख्या वाढते, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले.

अर्थात सर्वच माशांचे लिंग पाणी ठरविते, असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. बहुतेक जातींत अनुवंशच प्रधान असतो. तथापि जेथे तापमानाचा प्रभाव आहे, तेथे अवघ्या १ ते २ अंशांच्या वाढीने नर-मादींचे प्रमाण ३ : १ पर्यंत ढळू शकते, असे ओस्पिना-आल्वारेझ व पिफेरर यांनी २००८ साली दाखविले.

निसर्ग आपला तोल आपणच सावरतो, असे कोणी म्हणेल. ते अगदीच खोटे नाही. सिल्व्हरसाइड मासे स्थिर तापमानात ठेवले असता बिघडलेले प्रमाण पुन्हा समतोलाकडे वळले, असे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. परंतु त्यास कित्येक पिढ्या लागल्या. या माशाची पिढी वर्षाची असते. ज्या माशांस प्रौढ होण्यासच अनेक वर्षे लागतात, त्यांना तापणारे पाणी तेवढी सवड देईल काय?

म्हणून पुस्तकातील त्या एका वाक्यास 'काही जीवांत परिस्थितीही' एवढी पुस्ती जोडावी. आणि पावसाची नोंद आपण जितक्या निष्ठेने ठेवतो, तितक्याच निष्ठेने नद्या व खाड्यांच्या पाण्याचे तापमानही नोंदवावे. शाळेतील मुलांनाही हे काम साध्या तापमापकाने करता येईल.