घाटाचा चढ आणि दोन पेढे

“सर, एका फेरीत किती वजन उतरेल?” श्रावणी शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेल्या विद्यार्थ्याचा हा प्रश्न. गणितच करू या. चढ सुमारे २५० मीटर, वजन ६० किलो धरू. ६० × ९.८ × २५० = १,४७,००० ज्यूल, म्हणजे अवघे ३५ उष्मांक! स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तर १४०. दोन पेढ्यांत वसूल. सपाटीवरच्या चालीचे काहीशे वेगळे. उलट दिवसभर नुसते पडून राहिले तरी हे शरीर सुमारे १,४०० उष्मांक खर्च करतेच. आणि एक किलो चरबीत साठलेले असतात जवळजवळ ७,७००! प्रौढाने ही तूट थोडी थोडी, महिनाभरात काढावी. तुम्ही मात्र त्यासाठी डबा टाळावा, हे मला मुळीच मान्य नाही. वाढत्या हाडामांसाचा वाटाही त्याच डब्यातून जायचा असतो.