परीक्षा कोणाची घ्यायची?

दुसऱ्या राज्यात सनद घेतलेल्या वकिलाने गडचिरोलीच्या न्यायालयात उभे राहण्याआधी मराठीची परीक्षा द्यावी, असा सूर आमच्या मराठीप्रेमी मित्रांत अधूनमधून उमटतो. 1998च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तेव्हा मागणी वाजवीच, असे त्यांना वाटते. आम्हांला ती मुळीच वाजवी वाटत नाही.

कायदा त्यांच्या बाजूने नाही, हे आधी सांगून टाकू. 1961च्या अधिवक्ता अधिनियमाने राज्याराज्यांतल्या भिंती तत्त्वतः पाडल्या. कलम 30 मात्र पन्नास वर्षे कागदावरच राहिले आणि 15 जून 2011 रोजी अमलात आले. एका राज्याच्या नामावलीतला वकील आता देशभर काम चालवू शकतो. मुक्कामच हलवायचा तर कलम 18 प्रमाणे नाव दुसरीकडे नेता येते, नव्या परीक्षेविना. (काही उच्च न्यायालये स्थानिक वकील सोबत घ्या म्हणतात, तो भाग वेगळा.)

पण कायद्याचे राहू द्या. सिरोंच्याच्या पक्षकाराला परका कोण? प्राणहितेपलीकडचा तेलुगू वकील, की नागपूरहून आलेला अस्खलित मराठीचा? राजुरा तालुक्याने तर जागचे न हलता हैदराबाद, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये पाहिली. निजामाच्या न्यायालयाची भाषा उर्दू होती. आणि भामरागडच्या माडियासाठी इंद्रावती ओलांडून बस्तरचा गोंडी जाणणारा वकील आला, तर भाषेची परीक्षा त्याची घ्यायची, की आपल्या मराठी वकिलाची?

2011च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाख 84 हजारांहून अधिक आहेत, संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, गोंडी नाही. वकिलांची अखिल भारतीय परीक्षा मराठीत देता येते, गोंडीत नाही. मराठीवरील अन्यायाबद्दल कळवळून लिहिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना हा अन्याय कसा दिसत नाही?

आरोपीला न कळणारी साक्ष त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगावी, असे 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 279 सांगत होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. दुभाषी कोण असावा, त्याची भाषा कोणी तपासावी, याविषयी ते कलम गप्प. आता मराठीतले ‘मारले’ घ्या. चापट मारली तरी ‘मारले’, जीव घेतला तरी ‘मारले’. माडियातले वाक्य दुभाष्याने या एका क्रियापदात कोंबले आणि लेखनिकाने ते तसेच उतरवले, तर किरकोळ दुखापत आणि जन्मठेप यांतले अंतर कोण मोजणार? वकील कोणत्या राज्याचा, याने इथे काहीच फरक पडत नाही.

परीक्षा हवीच असेल तर दुभाष्यांची ठेवा, आणि ती घेण्याइतके माडिया व गोंडी जाणणारे परीक्षक आधी तयार करा. 2011 पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. मराठीच्या अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.